जलचक्राचा गोल पाठ करण्याआधी हे वाच

बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि खूप बरं वाटलं. पुस्तकात समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, परत समुद्र असा मस्त गोल दाखवलाय, मग आमच्या माण तालुक्यात उन्हाळ्यात टँकर का येतो? हा प्रश्न पडला म्हणजे तू अर्धं जलचक्र शिकलास असं समज. बाकीचं सांगतो.

पहिलं म्हणजे वाफ व्हायला पाणी उकळावं लागत नाही. दोरीवरचे कपडे कुठे उकळतात, तरी वाळतातच ना? समुद्राचं पाणी असंच हळूहळू उडत असतं, मीठ खाली राहतं. आणि ढग म्हणजे वाफ असं पेपरात लिहू नकोस, वाफ डोळ्याला दिसतच नाही. दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब, हवेतल्या धुळीच्या नाहीतर मिठाच्या कणावर जमलेले, इतके बारीक की पावसाचा एक थेंब व्हायला तसले साधारण दहा लाख एकत्र यावे लागतात.

आता तुझं माण. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला धडकतं, पुढे जायला वाट नाही म्हणून वर चढतं, वर दाब कमी असल्यामुळे हवा पसरते आणि पसरली की गार होते, गार हवेत वाफ मावत नाही, मग कोसळतो पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. तेच वारं घाट उतरून पूर्वेला आलं की दाबलं जातं, तापतं, ढग विरळ होतात, म्हणून खाली वाईतच आकडा हजाराच्या आत येतो आणि माणपर्यंत पोचेतो पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा! पुस्तकातल्या गोलात हा डोंगर नुसता शोभेला काढलेला असतो याचा मला राग येतो.

अजून एक बघ. महाबळेश्वरला पडलेलं पाणी अरबी समुद्राचंच, पण त्यातलं कृष्णेत उतरलेलं जातं थेट बंगालच्या उपसागराला, म्हणजे निघालं तिथे परत आलंच नाही. आणि कोयनेचं बरंचसं पाणी आपण बोगद्यातून घाटाखाली कोकणातल्या पोफळीकडे सोडून वीज करतो, ते वाशिष्ठी नदीतून पुन्हा अरबी समुद्रात. म्हणजे माणूसही या चक्रात हात घालतोच.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते जमिनीखालचं, जे चित्रात एका बाणात उरकतात. हवेतली वाफ आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, विहिरीतलं पाणी मात्र महिनोन् महिने मुरलेलं असतं, खोल बोअरचं तर कधीकधी कितीतरी जुनं. तुमच्याकडे खाली काळा कातळ. तो स्पंजसारखा पाणी धरत नाही, पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि वरच्या मुरमात, म्हणजे साठा मुळातच लहान. त्यात पाऊस दोन-चार जोरदार सरींत पडून ओढ्याने निघून गेला तर मुरायला वेळच नाही, आणि मुरलं त्यापेक्षा जास्त मोटरने उपसलं की मार्चलाच विहीर तळाला. टँकर येतो तो यामुळे. समतल चर (उताराला आडवे खणलेले), बांधबंदिस्ती करतात ती पाणी थोडं थांबावं आणि मुरावं म्हणून, पाऊस वाढवायला नाही, हे गावात कोणी गोंधळ घातला तर नीट समजावून सांग.

आता काम. सकाळी उन्हातल्या झाडाच्या एका भरपूर पानं असलेल्या फांदीला पारदर्शक पिशवी घट्ट बांध, दुपारी आतून थेंब दिसतील, ते पानांनी सोडलेलं पाणी, तेसुद्धा चक्रातच आहे. आणि दर रविवारी घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन विहिरीत दगड बांधलेली दोरी सोड, काठापासून पाणी किती खाली गेलंय ते वहीत लिही, शेजारी त्या आठवड्याचा पाऊस आणि मोटर साधारण किती तास चालली तेही. एकट्याने काठावर अजिबात जायचं नाही. पावसाळा संपला की वहीचे फोटो पाठव, मग आलेख कसा काढायचा ते फोनवर बसून बघू.

तुझा काका