रिसीव्हर कॉइल जवळ आणल्यावर क्लास-ई अॅम्प्लिफायरचा मॉसफेट का तापतो?

बिनतारी वीज पाठवणाऱ्या आपल्या क्लास-ई अॅम्प्लिफायरमधला मॉसफेट (स्विचसारखा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) रिसीव्हर कॉइल जवळ आणल्यावर का तापतो, असे आपण विचारले आहे. 6.78 मेगाहर्ट्झवर 24 व्होल्ट पुरवठ्यातून 10 वॅट हवे असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा हाच हिशेब धरू. सोकल पितापुत्रांनी 1975 मध्ये मांडलेल्या क्लास-ई रचनेत मॉसफेट चालू होण्याच्या क्षणी त्याच्या ड्रेन या टोकावरील व्होल्टेज शून्यावर आलेले असते; पण हे एका ठरावीक भारापर्यंतच साधते, आणि आपल्या आकड्यांसाठी तो भार सुमारे 33 ओहम येतो. रिसीव्हर जवळ आला की परावर्तित रोध (रिसीव्हरमुळे अॅम्प्लिफायरला जाणवणारा रोध) त्याहून वाढतो, ड्रेनवर व्होल्टेज शिल्लक राहते आणि मॉसफेटला समांतर जोडलेल्या कपॅसिटरमधील ऊर्जा प्रत्येक आवर्तनात मॉसफेटमध्येच जळते. म्हणून कॉइल सर्वांत जवळ असताना मिळणारा रोध मोजून तोच इष्टतम भार धरावा. कॉइल दूर गेल्यावर रोध घटतो, तेव्हा व्होल्टेज शून्यावर येतेच, फक्त मॉसफेटचा अंगभूत डायोड थोडा वेळ वाहतो.

माझ्या मते खरी अडचण या समांतर कपॅसिटरची आहे. इथे तो जेमतेम 130 पिकोफॅरड लागतो आणि पुष्कळ सिलिकॉन मॉसफेटांची आउटपुट धारिता (त्यांची स्वतःची, कपॅसिटरसारखी धारिता) एकटीच त्याहून अधिक असते. ड्रेनवरील शिखर व्होल्टेज पुरवठ्याच्या 3.56 पट, म्हणजे सुमारे 85 व्होल्ट होत असल्याने कमी आउटपुट धारितेचा, 150 व्होल्टचा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर निवडावा.