शाबूचा गिच्च गोळा होतो, तो कसाव्याच्या जातीमुळे का?

तुम्ही विचारलंय: एकाच दुकानातला शाबू, पाणीही तेवढंच, तरी खिचडी एकदा मोकळी आणि एकदा लगदा, तर शाबू ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात त्या कंदाचीच जात वेगळी असते का? असू शकते. पण पोत्यावर जात छापलेली नसते, गोची तिथंच आहे.

मी बेळगावात शहापूरला राहते आणि उन्हाळाभर शाबूच्या पापड्या करून विकते. आमच्याकडे माल बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडचा. तिकडे कारखान्यांसाठी लावतात त्या जातींत एच-226 आणि एच-165 ही जुनी नावं. दोन्ही तिरुवनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनं 1971 मध्ये दिल्या. 165 आठ-नऊ महिन्यांत निघते, 226 ला दहा लागतात. पुढं आलेली श्री हर्ष ही जात त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात; तिच्या कंदात स्टार्च जास्त भरतो.

कंदात स्टार्च किती, हा कारखानदाराचा हिशेब. स्टार्चचे दोन घटक असतात, त्यातलं आपल्या पातेल्यात कामाला येतं ते अमायलोज. त्याच्या साखळ्या सरळ असतात. पेज थंड झाली की त्या एकमेकींना धरतात आणि पेज थिजते. उरलेलं अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, ते तार धरतं, चिकटतं. कसाव्यात अमायलोज मुळातच कमी, साधारण पाचवा हिस्सा, म्हणून शाबूची पेज काचेसारखी दिसते. मक्याच्या पिठाची पेज गार झाली की वडीसारखी कापता येते. कोलंबियातल्या संशोधकांना तर अमायलोज जवळजवळ नसलेला कसावा सापडला, 2007 मध्ये त्यांनी तो जाहीर केला. त्याच्या पापड्या घालायला मी जाणार नाही!

यंदा एप्रिलात दोन पोती आणली होती. एकाची पेज पळीवरून पट्टीसारखी लोंबत खाली आली आणि वाळलेली पापडी प्लॅस्टिकवरून काढताना फाटली. दुसऱ्याची पेज पळीतच थबकत होती, पापड्या टकाटक सुटल्या. सासूबाई म्हणाल्या, "पाणी जास्त झालं." पाणी मापानंच होतं.

तरी सगळा दोष जातीवर घालू नका. काढणीच्या आधी पाऊस झाला तर त्याच जातीच्या कंदातला स्टार्च उतरतो, त्याची शिजण्याची रीतही बदलते. आणि खिचडीचा खरा घोळ भाजण्यात असतो. ओल्या स्टार्चचे दाणे वळून खोबरेल पुसलेल्या तव्यावर भाजतात, तेव्हा वरचं कवच अर्धवट शिजतं. ते कच्चं राहिलं की दाणा पाण्यात विरतो.

म्हणून दुकानदाराकडून आधी मूठभरच मागा. गार पाण्यात चार तास ठेवा. तळाशी पांढरी पिठी बसली तर त्याची खिचडी गोळाच होणार, तो पापड्यांना किंवा खिरीला वापरा. पाणी नितळ आणि दाणा चिमटीत सहज चेपला, मध्ये कणी लागली नाही, तर खुशाल पाच किलो घ्या. नायलॉन शाबू मात्र खिचडीला नकोच, तो वाफवून केलेला असतो, त्याला भिजवण्याचं हे गणित लागूच होत नाही.