नट फिरतोय, पण टॉर्क चढत नाही

या वेळचे बहुतेक प्रश्न जुन्या पोर्शे 911 चे आहेत, आणि दुखणं एकच: हेड-स्टडचे, म्हणजे हेड (सिलिंडरचं झाकण) क्रँककेसला (इंजिनाच्या सांगाड्याला) आवळून धरणाऱ्या लांब दांड्यांचे, आटे.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): 1975 ची 2.7 लिटरची 911 घेतली. हेडचे नट तपासताना एक नट नुसता फिरतच राहिला, टॉर्क रेंच (ठरलेला पीळ, म्हणजे टॉर्क, लागला की वाजणारा पाना) ‘टक्’ करेना. नट खराब की स्टड?

दोन्ही नाहीत. बिघाड खाली, क्रँककेसमध्ये आहे. नट फिरतोय आणि स्टड वर सरकतोय. तो बाहेर काढलात तर बुडाशी करड्या धातूची स्प्रिंगसारखी गुंडाळी अडकलेली दिसेल. ते केसचे आटे.

या इंजिनाची केस मॅग्नेशियमची, सिलिंडर आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे, स्टड पोलादी. तापमान 100 अंशांनी वाढलं की 100 मि.मी. अ‍ॅल्युमिनियम साधारण 0.23 मि.मी. वाढतं, पोलाद जेमतेम 0.12. ही तफावत स्टडला ताणते आणि तो ताण बिचाऱ्या मॅग्नेशियमच्या आट्यांवर येतो. त्यात अमेरिकेतल्या बऱ्याच 2.7 गाड्यांना प्रदूषण-नियमांपायी हेडखाली थर्मल रिअ‍ॅक्टर (धुरातलं न जळलेलं इंधन जाळणारे डबे) बसवले होते, म्हणजे चुलीवर चूल. आता ‘जरा जास्त आवळून बघू’ हा मोह टाळा. इथला टॉर्क 32-33 न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो, जोर लावायची ही जागा नाही.

प्रश्न (न्यू जर्सी): चोवीसपैकी एकच स्टड गेलाय. एकच दुरुस्त केला तर चालेल ना?

चालेल, पुढचा जाईपर्यंत. उरलेले तेवीस त्याच वयाचे आहेत आणि तीच धग सोसून बसलेत. खर्च इंजिन उतरवून उघडण्यात आहे, बुशमध्ये (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या, आतून नवे आटे असलेल्या नळीत) नाही. केस उघडलीच आहे तर चोवीसही करून घ्या.

बुशसाठी भोक मोठं करायचं काम मिलिंग मशिनवर किंवा नीट जिगमध्ये (ड्रिल सरळ धरणाऱ्या साच्यात) व्हायला हवं. हातड्रिल कितीही सरावाचं असलं तरी तिरकं जातं, आणि तिरका स्टड सिलिंडर नीट बसू देत नाही. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेटतो. पेटला तर पाणी मारू नका, भडका उडेल. कोरडी वाळू हाताशी ठेवा.

प्रश्न (तेच वाचक): नव्या आट्यांसाठी फिटर हेलिकॉइल म्हणतो, मित्र टाइम-सर्ट म्हणतो. कुणाचं ऐकू?

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची गुंडाळी. व्हॉल्व्ह कव्हरसारख्या हलक्या जागी मी बिनघोर वापरतो. हेड-स्टडला मात्र टाइम-सर्टसारखा अखंड बुश. टाइम-सर्टला वर कॉलर असते, आणि ड्रायव्हर शेवटपर्यंत फिरवला की खालचे आटे पसरून बुश जागीच जखडतो. मूळ स्टडपेक्षा बाहेरचा व्यास मोठा, त्यामुळे ताण जास्त मॅग्नेशियमवर वाटला जातो. मित्राचं ऐका.

स्टड कुठले, हेही विचारलंत. कारखान्याने पुढे डिलावार मिश्रधातूचे स्टड आणले. ते पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतात, म्हणून कल्पना बिनतोड. पण खालच्या रांगेतले गंजून मधेच तुटायला लागले. बुश बसवले असतील तर मी साधे पोलादीच घालीन.

प्रश्न (ह्यूस्टन): सायलेन्सर काढताना एक्झॉस्टचा स्टड हेडच्या पातळीला तुटला. ईझी-आउट (तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) लावू का?

नको. माझा एक ईझी-आउट असाच आत तुटला होता. तो इतका कडक, की ड्रिल त्यावर नुसतं घसरायचं. एका संध्याकाळचं काम चार दिवस चाललं. त्याऐवजी तुटक्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. त्या धगीने गंज सुटतो. लाली गेली की नट पुढे-मागे हलवत काढा, एका दमात नाही. ‘कुईं’ असा आवाज आला की समजा, सुटला.

प्रश्न (पुणे): स्पोर्ट्‌स कार नाही, जुनी पद्मिनी आहे. प्लगचे आटे गेलेत. हेच बुश चालतील?

याच जातीचे चालतील. हेड अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. 14 मि.मी. प्लगचे वेगळे बुश मिळतात, तेच घ्या. हेड उतरवून करा, म्हणजे कीस सिलिंडरमध्ये पडणार नाही. नव्या बुशमध्ये प्लग आधी हातानेच बसवा. दोन-तीन वेढे बोटांनी गेले, की मग पाना.