ज्वारीची विरी आणि भाकरीचा तुटका काठ

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते आणि रोज रात्री आठच्या सुमारास घरी पोहोचते. माहेर सोलापूरकडचे असल्याने भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही, पण दुकानातून आणलेल्या पाकीटबंद पिठाची भाकरी थापताना काठाला चिरते आणि उचलताना हातातच तुटते. सासूबाई म्हणतात, ‘‘हात बसायला हवा, तुम्हा मुलींना सवड कुठे!’’ दोष खरोखर माझ्या हाताचा आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या सासूबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही, परंतु आपण दिलेल्या वर्णनावरून हातापेक्षा पिठावरच संशय अधिक घ्यावासा वाटतो. गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो, तो देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. म्हणून ज्वारीचे पीठ कितीही मळले तरी ते पोळीसारखे ताणले जात नाही, आणि त्याला धरून ठेवण्याचे काम गरम पाण्याने फुगलेल्या पिठूळ अंशालाच करावे लागते. ताज्या दळलेल्या पिठात हा गुण भरपूर असतो. पीठ जसजसे जुने होते तसतसा तो उणावतो, आणि मग जाणत्या बायका दोन बोटांत पीठ चोळून ‘‘याची विरी गेली’’ असे म्हणतात. पाकिटातले पीठ दळून किती दिवस झाले आहेत हे तारीख पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि ती तारीख आपण सहसा पाहत नाही.

विरी गेलेल्या पिठावर उपाय आहे तो उकडीचा. एक वाटी पिठाला साधारण तेवढेच पाणी घ्यावे, त्यात चिमूटभर मीठ घालून ते खळखळून उकळू द्यावे, पीठ टाकून उलथण्याच्या टोकाने ढवळावे आणि गॅस बंद करून दहा मिनिटे झाकण ठेवावे. नंतर परातीत काढून, हाताला सोसेल इतके गरम असतानाच, गार पाण्यात हात बुडवत तळव्याच्या टाचेने भरपूर मळावे; एका वेळी एकाच भाकरीचा गोळा पुन्हा मळून घ्यावा, कारण मळून ठेवलेला गोळा वाळला की काठाला हमखास चिरतो. थापताना खाली कोरडे पीठ भुरभुरावे आणि बोटांनी काठ आत लोटत राहावा. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी पूर्ण सुकण्याच्या आतच भाकरी उलटावी. येथे अर्धा मिनिट उशीर झाला, तर वरच्या अंगाला भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही. फोन वाजला तरी या अर्ध्या मिनिटात तो घेऊ नये, एवढे पथ्य मी स्वतः पाळते.

शक्य असेल तर मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणून दळून घ्यावी. रब्बीतल्या या शाळूची भाकरी पांढरी, मऊ आणि चवीला किंचित गोडसर होते, हे आपल्याला माहेरूनच ठाऊक असेल.

प्रश्न : मी निवृत्त असून एकटाच राहतो आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी भाकरी शिकलो आहे. पीठ ताजे हवे हे पटते, पण गिरणीवाला थोडे धान्य दळायला कंटाळतो. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम आपले अभिनंदन, कारण या वयात परातीशी सलगी करणारे पुरुष आम्हाला फार कमी पत्रे लिहितात. आपल्या मजल्यावरच्या दोन घरांशी बोलून पाहावे आणि तिघांचे दळण एकत्र करून दर पंधरवड्याला टाकावे. डबा देताना ‘‘ज्वारीवर ज्वारी दळा’’ असे सांगायला विसरू नये, नाहीतर आधीच्या गव्हाचे किंवा हरभऱ्याचे पीठ आपल्या डब्यात येते. शेजारी कोणाकडे घरघंटी असेल, तर तो प्रश्नच मिटतो. बाजरी मात्र त्याहूनही थोडी दळून आणावी, कारण तिच्यातील स्निग्धांशामुळे पीठ लवकर खवट होऊन कडू लागते.

उरलेली भाकरी टाकू नये, हे आपल्याला सांगणे नकोच. ती बारीक कुस्करून, मोहरी-हिंगाच्या फोडणीत कांदा-मिरचीसह परतावी आणि वरून ताकाचा हबका मारून झाकण ठेवावे. पाच मिनिटांत नाश्ता तयार होतो आणि सकाळी पोळी-भाजी केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.