‘योरुबा’ हे नाव अरबी आहे का?

प्रश्न असा: नायजेरियातल्या योरुबा लोकांचं नाव यारुब बिन कहतान या अरबांच्या पूर्वजावरून पडलं, असं वाचनात आलं. मग हे लोक मूळचे अरबस्तानातले म्हणायचे का? आणि मराठीत लिहिताना ‘योरुबा’ की ‘योरूबा’?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. गंमत म्हणजे, हा सगळा डोलारा ज्या ग्रंथावर उभा आहे तो ग्रंथही असं म्हणत नाही. पुढे उत्तर नायजेरियातल्या सोकोतोचा सुलतान झालेल्या मुहम्मद बेल्लोने 1812च्या सुमारास अरबीत एक इतिहास लिहिला. त्यात त्याने या लोकांना बायबलमधल्या नोहाचा नातू कनान याच्या वंशातले, निम्रूद राजाच्या टोळीतले ठरवलं आणि यारुबने त्यांना अरबस्तानातून पिटाळून लावलं असं सांगितलं. म्हणजे कथेतसुद्धा यारुब त्यांचा मूळपुरुष नाही, त्यांना हाकलणारा आहे! क्लॅपरटन या प्रवाशाने तिथून आणलेला उतारा 1826मध्ये लंडनला छापला गेला, आणि नंतरच्या मंडळींनी नावांतल्या सारखेपणावर भिस्त ठेवून हाकलणाऱ्यालाच खापरपणजोबा करून टाकलं. बेल्लोला दोष देण्यात अर्थ नाही. माहितीतल्या प्रत्येक समाजाला महापुरातून वाचलेल्या नोहाच्या वंशवृक्षावर कुठली तरी फांदी द्यायची, ही त्या विद्वत्परंपरेची रीतच होती.

नाव मात्र बेल्लोपेक्षा बरंच जुनं आहे. टिंबक्टूचे पंडित अहमद बाबा यांच्या 1615च्या सुमाराच्या लिखाणात ते सापडतं. उत्तरेकडचे हौसा लोक ‘यारबावा’ म्हणत ते प्रामुख्याने ओयो राज्यातल्या माणसांना. तीच भाषा बोलणारे इजेबू, एग्बा, एकिती हे स्वतःला आपापल्या गावाच्या, राज्याच्या नावाने ओळखत. ‘तुम्ही योरुबा’ असं म्हटलं असतं तर ‘आम्ही ओयोचे नव्हे’ असं उत्तर आलं असतं. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या त्यांच्याच भाईबंदांना क्युबात ‘लुकुमी’ म्हणत, ब्राझीलमध्ये ‘नागो’ आणि सिएरा लिओनमध्ये ‘आकू’. हे ‘आकू’ आलं त्यांच्या ‘ए कू’ने सुरू होणाऱ्या अभिवादनांवरून.

या सर्वांना एका नावाखाली आणलं ते पुस्तकांनी. योरुबा बोलणारा सॅम्युएल अजायी क्राउदर 1821मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला, पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने त्याला सोडवून सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला उतरवलं. त्याचा योरुबा शब्दसंग्रह 1843मध्ये निघाला. व्याकरण, बायबल, शाळेची पुस्तकं अशी एक प्रमाण भाषा घडत गेली आणि तिला ओयोचं नाव चिकटलं. घरातलं नाव हवं असेल तर ते ‘कारो-ओजीरे’: ‘शुभ सकाळ, नीट जाग आली ना?’ असं विचारणारे लोक. मला तरी ते जास्त आवडतं.

आता माणसं कुठून आली ते. योरुबांचं पवित्र नगर इले-इफे, तिथली कथा सांगते की त्यांचा मूळपुरुष ओडुडुवा साखळीला धरून आकाशातून उतरला, पाण्यावर माती टाकली, कोंबड्याने ती विस्कटली आणि जमीन झाली. दुसऱ्या कथेत तो मक्केच्या ‘लामुरुडू’ राजाचा मुलगा आहे; हा लामुरुडू म्हणजे बहुधा आपला निम्रूदच. ओयोचे पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांनी 1897मध्ये पुरा केलेला इतिहास 1921मध्ये छापला गेला. त्यांनी मक्का नाकारली, पण पूर्वजांना वरच्या इजिप्तकडे, नुबियाकडे नेलं. शेजारच्या बेनिन राज्याच्या (आजच्या बेनिन देशाच्या नव्हे, नायजेरियातल्या) राजघराण्याचा तर दावा आहे की ओडुडुवा हा त्यांचाच परागंदा राजपुत्र. इफेला हे अर्थातच मान्य नाही. 1910मध्ये इफेत आलेल्या फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने कमाल केली. तिथली मातीची सुबक मस्तकं पाहून त्याने समुद्रात बुडालेलं दंतकथेतलं अटलांटिसच गाठलं. स्थानिक हातांनी ती घडवली असतील हे त्याला पटेना.

या सगळ्यांपेक्षा भाषेची साक्ष मला भरवशाची वाटते. दोन-तीनला योरुबात ‘एजी, एता’. नायजर आणि बेनुए नद्यांच्या संगमाजवळच्या इगाला भाषेतही ‘एजी, एता’. अरबीत ‘इस्नैन, सलासा’. अरबी शब्द योरुबात आहेत, पण ते व्यापार आणि धर्माबरोबर उत्तरेकडून आलेले. कांद्याला ‘आलुबोसा’ म्हणतात, तो अरबी ‘अल-बसल’, हौसा ‘अल्बासा’ असा मुक्काम करत आलेला. कांदा आणि त्याचं नाव बाजारातून येतं. दोन-तीन आकडे सहसा तसे येत नाहीत. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात; तिथे ईशान्येला आणि पूर्वेला, एकिती-ओकुन भागात, ती त्याहून कमी अंतरावर बदलते. बोलींची अशी दाटी सहसा भाषा जिथे फार काळ नांदली तिथे होते. त्यामुळे योरुबाचं जुनं घर संगमाच्या आसपास शोधणं मला रास्त वाटतं. अरबस्तानापर्यंत जाण्याची गरज नाही. छोटे गट, एखादं राजघराणं बाहेरून आलं असेल, पण त्यावरून अख्ख्या समाजाचं मूळ ठरत नाही.

लेखनाचं म्हणाल तर ‘योरुबा’ लिहा. त्या भाषेत ऱ्हस्व-दीर्घापेक्षा सुराला महत्त्व आहे: ‘यो’ मधला, ‘रु’ खालचा, ‘बा’ वरचा. तिथे हे तीन सूर शिकवताना पाश्चात्य सरगमेतले ‘डो, रे, मी’ वापरतात. आपल्या सरगमेत म्हणायचं तर ‘रे सा ग’.