पदवी कुठली, त्याआधी परवाना कुठला?

परदेशी पशुवैद्यक शिक्षणाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरे देत आहोत.

मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटच्या गुणांवर माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, कॉलेजात नंबर लागेल असं वाटत नाही. एक सल्लागार म्हणतात, हंगेरी किंवा स्लोव्हाकियात इंग्रजीतून शिकता येतं आणि ती पदवी जगभर चालते. हे खरं आहे का?
— एक पालक, सांगली

पहिला भाग खरा आहे. बुडापेस्टच्या पशुवैद्यक विद्यापीठात इंग्रजीतून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. स्लोव्हाकियातल्या कोशित्से आणि चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथे तो सहा वर्षांचा आहे. ही जुनी, नावाजलेली विद्यापीठं आहेत, फसवणुकीचा प्रकार नाही.

दुसरा भाग मात्र खोटा आहे. जगभर चालेल अशी पशुवैद्यक पदवी कुठेच मिळत नाही. जनावराला हात लावायचा परवाना प्रत्येक देशाची परिषद आपापल्या नियमाने देते. युरोपीय संघात एका देशाची पदवी दुसऱ्या देशात आपोआप मान्य होते, असं सल्लागार सांगतात. ज्या निर्देशाच्या (२००५/३६) आधारावर ते हे सांगतात, तो मुळात संघाच्या नागरिकांसाठी लिहिलेला आहे. इतर देशांच्या नागरिकांना तो ठरावीक परिस्थितीतच लागू होतो. म्हणजे वर्गात शेजारी बसलेल्या आयरिश मुलीला जे सहज मिळेल, ते भारतीय पासपोर्टवर मिळेलच असं नाही. ब्रिटन तर संघाबाहेर पडलं आहे. तिथे रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

अमेरिकेत जायचं असेल तर प्रश्न एकच: कॉलेजला अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनची, म्हणजे एव्हीएमएची, मान्यता आहे का? लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, एडिनबरा, ग्लासगो, ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मरडॉक, न्यूझीलंडचं मॅसी ही त्या यादीतली नावं. इथून पदवी घेतली की अमेरिकेची परवाना परीक्षा थेट देता येते. बाकीच्यांना खाली परभणीच्या वाचकाला सांगितलेला लांबचा रस्ता धरावा लागतो. मान्यता पाहायची ती पदवी मिळते त्या वेळची, म्हणून प्रवेश घेताना कॉलेजचं पुढचं मूल्यमापन कोणत्या वर्षी आहे तेही विचारा.

भारतात परत यायची थोडी जरी शक्यता असेल, तरी फी भरण्याआधी भारतीय पशुवैद्यक परिषदेला पत्र लिहा. १९८४च्या कायद्यानुसार परदेशी पदव्यांची मान्यता वेगळी ठरते. पत्रात विद्यापीठाचं पूर्ण नाव, पदवीचं नेमकं नाव, शिकवण्याची भाषा आणि वर्षं लिहा. उत्तरही लेखीच घ्या. सल्लागाराचा व्हॉट्सॲप संदेश परिषदेपुढे चालत नाही. आणि नीट द्यायची टाळू नका. इथल्या जागेसाठी ती लागतेच, शिवाय एक दार उघडं राहतं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते. वर्ग इंग्रजीत होतात, पण दवाखान्यात कुत्रा घेऊन आलेली आजी हंगेरियनच बोलते. आजाराची माहिती तिच्याकडूनच काढायची असते. स्थानिक भाषेचे तास पहिल्या वर्षापासून मनावर घेतले नाहीत, तर शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थी नुसता बघ्या होऊन उभा राहतो.

जर्मनीत फी नसते म्हणे. तिथे इंग्रजीतून पशुवैद्यक करता येईल का?
— विद्यार्थी, नाशिक

पदवीसाठी नाही. हॅनोव्हर, गीसेन, लाइपझिग, म्युनिक आणि बर्लिन अशा पाचच विद्यापीठांत हा अभ्यासक्रम आहे आणि तो जर्मनमधूनच शिकवतात. नुसत्या बारावीवर बहुधा आधी श्टुडीनकोलेगचं तयारी वर्ष करावं लागतं, आणि जागांसाठी चुरस फार आहे. कोणी ‘इंग्रजी बॅच’ सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा.

इंग्लंडसाठी अर्ज कधी करायचा? अनुभव मागतात तो इथला चालतो का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

अर्ज यूकॅसवरून, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश यंत्रणेतून, करायचा आणि पशुवैद्यकाची मुदत १५ ऑक्टोबर. इतर विषयांची जानेवारीतली मुदत धरून बसणारे वर्ष गमावतात. एकूण पाच पर्याय मिळतात, त्यातले पशुवैद्यकाचे चारच भरता येतात. काही विद्यापीठं केंद्रीय मंडळाची बारावी धरतात आणि राज्य मंडळाबाबत वेगळी अट घालतात. बोर्डाचं नाव लिहून ईमेलने विचारा.

इथला अनुभव चालतो. अट एवढीच की तो खरा हवा, लिहून ठेवलेला हवा आणि एकाच प्रकारचा नको. शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात महिनाभर बसण्यापेक्षा आठवडा तिथे, आठवडा गोठ्यात, काही दिवस पोल्ट्रीवर, काही पांजरपोळात असं केलेलं बरं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कृत्रिम रेतन, लसीकरण, कासदाह रोज पाहायला मिळतात. रोजच्या रोज वहीत लिहा: जनावर कोणतं, लक्षण काय, डॉक्टरांनी काय तपासलं, औषध का बदललं. मुलाखतीत ‘मला प्राण्यांची आवड आहे’ याला फारसे गुण नाहीत. कासदाहाच्या गाईचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही आणि का, हे सांगणाऱ्याकडे परीक्षक मान वर करून पाहतात.

मी बी.व्ही.एस्सी. केलं आहे. अमेरिकेत एम.एस. केलं तर तिथे प्रॅक्टिस करता येईल का?
— पशुवैद्यक, परभणी

नाही. एम.एस. किंवा पीएच.डी. म्हणजे संशोधनाचं शिक्षण, परवाना नव्हे. सहायकाची जागा मिळाली तर फी माफ होते, वर विद्यावेतन मिळतं, आणि पॅथॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीत रस असेल तर हा रस्ता चांगलाच आहे. पण दवाखाना चालवायचा असेल तर ईसीएफव्हीजी, म्हणजे परदेशी पशुवैद्यक पदवीधरांची पात्रता तपासणारी योजना, ही वेगळी वाट आहे.

तिचे चार टप्पे. पदवीचे पुरावे, इंग्रजीची परीक्षा, मग बीसीएसई ही संगणकावरची २२५ प्रश्नांची परीक्षा, आणि शेवटी सीपीई ही तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा. परवान्यासाठीची नॅव्हली ही ३६० प्रश्नांची परीक्षा त्याहून वेगळी. पेव्ह नावाचा दुसराही मार्ग आहे. त्यात प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी मान्यताप्राप्त कॉलेजात क्लिनिकल वर्ष काढावं लागतं. ज्या राज्यात राहायचं आहे तिथलं मंडळ काय मान्य करतं, ते आधी पाहा.

बीसीएसई आपल्याकडची मुलं पाठांतरावर काढतात. खरी गाठ सीपीईशी पडते. तिचे सात विभाग: भूल, घोडे, दुभती व मांसाची जनावरं, शवविच्छेदन, रेडिओलॉजी, लहान प्राण्यांचं औषधशास्त्र, शस्त्रक्रिया. इथे ज्ञानापेक्षा हाताची सवय तपासतात.

शस्त्रक्रियेत कुत्रीचं गर्भाशय-अंडाशय काढायचं असतं. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीत पुष्कळ ठिकाणी कुशीवर, म्हणजे पोटाच्या बाजूला छेद घेतात. तिथे पोटाच्या मध्यरेषेवरून करता आलं पाहिजे. गाठ सुटून अंडाशयाच्या देठातून रक्त येणं आणि निर्जंतुक हातमोजा नकळत कशाला तरी लागणं, या दोन गोष्टींवर माणसं अडकतात. हातमोजा लागला तर तोंडाने सांगून बदलायचा. लपवलं तर संपलं.

भूल देताना यंत्र गळतं का हे पाहण्यासाठी पॉप-ऑफ झडप (जादा दाब बाहेर सोडणारी) बंद करून दाब चढवतात. तपासणी झाली की झडप उघडायची राहून जाते. जनावर जोडल्यावर फुप्फुसांत दाब साठतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि ते जनावर टेबलावरच मरू शकतं. म्हणून झडप उघडून मगच नळी जोडायची, हा क्रम हातात बसवा.

घोडा ही आपल्या मुलांची सर्वांत कच्ची बाजू. कॉलेजात दोनचार घोडे, तेही लांबून पाहिलेले. नाकातून पोटात नळी घालणं, खूर तपासणीचा चिमटा चालवणं, लंगडणारा पाय ओळखणं यासाठी पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर किंवा घोडे पाळणाऱ्या क्लबात महिनाभर उमेदवारी करा. गाईत मात्र आपण पुढे असतो. एकच लक्षात ठेवा: चौथं पोट डावीकडे सरकलं की बरगड्यांवर टिचकी मारत स्टेथोस्कोपने धातूसारखा आवाज ऐकायचा असतो. आपल्याकडे म्हशीच जास्त हाताळलेल्या असल्याने हा सराव कमी पडतो.

शवविच्छेदनात नमुने जाड कापण्याची चूक होते. तुकडा सेंटिमीटरच्या आतच हवा आणि १० टक्के फॉर्मॅलिन त्याच्या दहापट. नाहीतर आतला भाग मुरण्याआधीच कुजतो.

खर्च हजारो डॉलरचा आहे आणि सीपीई तिकडे जाऊनच द्यावी लागते. परीक्षेची तारीख मिळाली तरी व्हिसाच्या मुलाखतीची वेळेत मिळेलच असं नाही. हे दोन्ही एकदम सुरू करा.

आम्ही शाकाहारी आहोत. कत्तलखान्यात जावं लागतं का?
— एक आई, पुणे

जावं लागतं. युरोपीय संघाच्या अभ्यासक्रमात कत्तलखान्यातलं प्रात्यक्षिक सक्तीचं आहे आणि ब्रिटनमध्येही मांसतपासणी शिकवतात. तो अन्नसुरक्षेचा भाग आहे. मांस खाण्याची सक्ती कोणी करत नाही, पण फुप्फुसात क्षयाची गाठ आहे का हे हात लावून पाहावं लागतं. डुकरांच्या फार्मवरही काम पडतं. मुलीशी हे आत्ताच बोला. तिसऱ्या वर्षी कळलं तर फी परत मिळत नाही.

रेबीजची लस निघण्याआधी घ्यावी का?
— विद्यार्थी, पणजी

हो. बरीच कॉलेजं तिचा पुरावा मागतात, आणि तो नसेल तर प्राण्यांच्या विभागात पाऊल टाकू देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या पद्धतीत दोन डोस आहेत, पहिला आणि त्यानंतर सात दिवसांनी दुसरा. निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. कार्डावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांचा शिक्का इंग्रजीत घ्या. काही ठिकाणी पुढे रक्तातील प्रतिपिंडांची पातळीही तपासतात. आधी लस घेतलेल्याला चावा बसला तरी दोन डोस घ्यावेच लागतात, मात्र महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.