वाचकांचे प्रश्न : एप्रिलमधील बर्गंडी

प्रश्न : एप्रिलच्या मध्यास आम्ही उभयता फ्रान्समधील बर्गंडी भागात जाणार आहोत. त्या दिवसांत द्राक्षमळे उघडेबोडके दिसतात, तेव्हा सप्टेंबरपर्यंत थांबावे, असे परिचितांनी सुचवले. वसंतात तेथे पाहण्यासारखे काही असते का?

उत्तर : कृपया थांबू नका. सप्टेंबरात घड दिसतील हे खरे, परंतु वेल जागी होताना पाहायची असेल तर मार्चअखेर ते एप्रिल हेच दिवस योग्य. जमिनीत ऊब शिरली की मुळे पाणी वर ढकलू लागतात आणि हिवाळ्यातील छाटणीच्या वेळी जेथे काडी कापलेली असते, तेथे स्वच्छ रसाचा थेंब येऊन लोंबतो, खाली पडतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. फ्रेंच शेतकरी याला वेलीचे रडणे म्हणतात. त्यानंतर काडीवरचे डोळे, म्हणजे पानाफुटव्याचे अंकुर, फुगतात. मोटारीतून हे काहीच दिसत नाही. गुडघे टेकून काडीजवळ नजर न्यावी, म्हणजे तपकिरी खवले उसवून आतली कापसासारखी लव बाहेर आलेली दिसेल आणि थोड्या पुढे गेलेल्या डोळ्यावर गुलाबी कडेचे नखाएवढे पान उलगडताना सापडेल.

हाच कोवळा फुटवा शेतकऱ्याची झोप उडवतो. फुटवा आल्यावर पारा शून्याखाली उतरला तर वर्षाचे उत्पन्न एका रात्रीत जाऊ शकते. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या बहुतेक द्राक्षप्रदेशांत असेच घडले. उत्तरेकडील शाब्ली परिसरात अशा रात्री ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, तर काही ठिकाणी वेलींवर पाण्याचे तुषार सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि फवारा अखंड चालू राहिला तर बर्फाच्या कवचातला डोळा शून्याच्या आसपास टिकून राहतो. पहाटे काचेत बंद केल्यासारख्या काड्या दिसतात त्या यामुळे.

फुलांविषयी सांगायचे तर, ओळींच्या मधल्या जमिनीत मस्कारीचे निळे तुरे उगवतात, आणि बर्गंडीबाहेर आल्झास किंवा बोर्दोकडील काही जुन्या मळ्यांत पिवळी रानट्युलिपही आढळते. पूर्वीच्या उथळ कुदळणीने तिचे कंद इकडेतिकडे पसरत. खोल नांगरट आणि तणनाशके आल्यावर ती दुर्मीळ झाली. फ्रान्समध्ये तिला कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून ती दिसलीच तर केवळ पाहावी. महिनाअखेरीस जुन्या घरांच्या भिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस पानांच्या आधी फुलतात.

मळ्यांतून चालताना दगडी झोपड्यांकडेही लक्ष द्यावे. त्यांना तेथे काबोत म्हणतात. शेत साफ करताना निघालेले चपटे दगड चुन्याविना एकावर एक रचून, प्रत्येक थर किंचित आत सरकवत माथा बंद केलेला असतो आणि पाऊस आला की कामकरी तिचा आसरा घेत. माझ्या मते या प्रदेशातली सर्वांत प्रामाणिक इमारत हीच. क्लो द वूजोचा सुमारे 50 हेक्टरांचा तटबंद मळा आणि तेथील लाकडी घाणे अर्थातच पाहावेत. तो मळा सीतोच्या मठवासीयांनी उभा केला.

प्रश्न : बोन येथील जुन्या रुग्णालयाच्या छपरावर एवढी रंगीत नक्षी का आहे?

उत्तर : बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी 1443 मध्ये हे गरिबांचे रुग्णालय स्थापन केले आणि पहिला रुग्ण 1452 मध्ये दाखल झाला. चकाकी दिलेल्या लाल, तपकिरी, पिवळ्या आणि हिरव्या कौलांची नक्षी करण्याची रीत या प्रदेशात रुजलेली होती. येथे मात्र रस्त्याकडील छप्पर साध्या काळसर पाटीच्या दगडाचे आहे आणि सगळा रंग आतल्या चौकाकडे वळवलेला आहे. बाहेरून जाणाऱ्यासमोर थाट न करता तो रुग्णांच्या अंगणात मांडावा, ही गोष्ट मला फार भावते. आजची कौले मात्र मूळची नसून विसाव्या शतकाच्या आरंभी बसवलेली आहेत. 1971 पर्यंत येथे उपचार चालत. संस्थेला दानात मिळालेल्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव 1859 पासून बहुतेक वर्षी होत आला आहे आणि आता तो नोव्हेंबरात असतो.

प्रश्न : द्राक्षांच्या ओळींच्या टोकाशी गुलाब का लावतात? ते भुरी या बुरशीजन्य रोगाची सूचना देतात हे खरे का?

उत्तर : अंशतः खरे आहे. गुलाबावरची भुरी आणि द्राक्षावरची भुरी यांच्या बुरशी निरनिराळ्या आहेत, त्यामुळे एकीवरून दुसरीवर रोग जात नाही. परंतु दोघींना साधारण सारखेच हवामान मानवते, म्हणून गुलाबावर पांढरी बुकटी दिसली की शेतकरी वेलीची पाने उलटून पाहत आणि गंधक मारत. आता हे गुलाब बहुधा शोभेसाठीच असतात. मे संपताना त्यांचा बहर येतो, त्यामुळे एप्रिलमध्ये जाणाऱ्यांना केवळ काटेरी झुडपे दिसतील.